माउंटिंगचा खालचा बोल्ट

दाजी, संपतच्या गाडीला चावी मारली आणि इंजिन थडाथडा हादरायला लागलं. लगेच बंद केली. मग स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसलो, खाली उतरवंना. त्या गाडीचा टायमिंग बेल्ट तुमी बदललेला. तुमचं शेवटचं काम ते.

बेल्ट बदलल्यावर गाडी हादरली तर कुठलाबी मेकॅनिक पहिल्यांदा एकच म्हणणार, दात चुकला. वरची पुली आणि खालची पुली एका तालात फिरायला पायजेत, दोन्हींच्या खुणा एकाच वेळी आपापल्या रेघेसमोर यायला पायजेत. बेल्ट एका दातानं जरी पुढंमागं बसला तरी इंजिनचा ताल बिघडतो. जास्त चुकला तर आत वॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात, मग सगळं खोलायचं. हे तुमीच मला शिकवलं. पण मला खाली उतरवंना ते इंजिनपायी न्हाई. इतक्या वर्षांत तुमचा दात चुकलेला मी बघितला न्हाई. मग त्याच दुपारी का चुकावा? बेल्ट चढवताना तुमच्या छातीत दुखत होतं का? दुखत असताना तुमी एकटे तिथं किती वेळ होता? हे तुमालाच विचारायचं होतं. आता तुमी न्हाई, म्हणून तुमच्या हातानं बसवलेल्या इंजिनला विचारायची पाळी आली.

त्या दिवशी मी साताऱ्याला गेलो होतो, दुसऱ्या एका जीपची क्लच प्लेट आणायला. पार्सल सांगलीहून एसटीनं यायचं होतं आणि ती एसटी काही येईना. स्टँडवर चहा झाला, वडापाव झाला, कंडक्टरशी भांडण झालं. अक्का माहेरी आटपाडीला, आमच्या आबांना बघायला गेलेली. रहिमतपुरात, गॅरेजात तुमी एकटे.

अंधार पडायच्या आत मी आलो. तुमी दाराबाहेर जुन्या टायरवर बसलेला, पाठ भिंतीला, तोंड रस्त्याकडं. कामाचा काळा पडलेला सदरा काढून धुतलेला निळा शर्ट घातलेला. हात स्वच्छ. मी गाडीवरनंच हाळी दिली, "काय दाजी, नटूनथटून बसलाय, पोरगी बघायला निघाला का काय?" तुमी बोलला न्हाई. मला वाटलं, उशीर झाला म्हणून फुगलाय. "बरं, चुकलं," म्हणत पार्सल आत ठेवलं, पाणी प्यालो, बाहेर आलो आणि परत काहीतरी बोललो. काय बोललो ते आता आठवत न्हाई. आठवत न्हाई तेच बरं हाय.

डॉक्टर म्हणले, झटका मोठा होता, कळलंबी नसंल. अक्का आल्यागेल्या प्रत्येकाला तेच सांगत होती. "कळलंबी न्हाई त्यांना. बसल्या जागी गेले." मी शेजारी बसून मान हलवायचो. दुखलं न्हाई, खुपलं न्हाई, बसल्या जागी गेले. एवढं एक वाक्य धरून आमी दोघांनी ते दिवस काढले. संपतचं इंजिन हादरलं आणि त्या वाक्यावरचा माझा भरवसा उडाला.

काम संपल्याशिवाय तुमी हात धुवत न्हाई, हे सगळ्या गावाला ठावं. जेवताना सुद्धा भाकरीला कागद गुंडाळून धरायचा, अक्कानं किती शिव्या घातल्या तरी. म्हणून तुमचे धुतलेले हात बघून मी धरून चाललो की काम झालंय. बॉनेट लावलेलं, चाक जाग्यावर. गर्दीत लोकांनी जागा करायला जॅक, स्टँड सगळं ओढून भिंतीकडेला लावलं, पाने पेटीत भरले. मग सुतकात गॅरेजला कुलूप. तेरावं झाल्यावर मी ते उघडलं आणि गाडीकडं नीट बघितलंसुद्धा न्हाई.

संपत मेढ्याचा. गाडी भाड्यानं चालवतो, तिच्यावरच त्याचं घर. तरी बिचाऱ्यानं सुतकात एक फोन केला न्हाई. आला, तुमच्या फोटोला हात जोडले, आणि मी चावी मारली तर हे असं. तो खिडकीत वाकून म्हणला, "दात चुकला का काय रं?"

"न्हाई."

"आरं, पर हालतंय किती. वय झाल्यालं मानूस, एकांद्या टायमाला हुतं..."

"न्हाई म्हणतो न्हवं मी! आन वय कुणाचं काढतोस? दाजीच्या हातात चावी देताना इचारलं हुतंस वय?"

त्यानं वरनं मलाच पाणी आणून दिलं. मला त्याचा राग नव्हता आला, दाजी. माझ्या मनातलं त्यानं बोलून दाखवलं म्हणून अंगाची आग झाली. शेवटी म्हणलो, "जा आता घरी. गाडी झाली की फोन करतो." जाताना तो माझ्या पाठीवर हात ठेवून गेला, तेबी मला सोसलं न्हाई.

आधी बिघाड दाखवणारा स्कॅनर लावला. तुमी असता तर हसला असता. मी स्कॅनर आणला तवा तुमी त्याला 'डॉक्टर' म्हणायचा. "पावणं, तुमच्या डॉक्टरला इचारा की, पेशंट जगतंय का?" मी चिडायचो, तुमाला तेच पायजे असायचं. पण त्याच्यावरनं निघालेलं दुसरं भांडण अर्धंच राहिलं. दिवाळीपासनं जेवण झालं की तुमाला छातीत जळजळायचं. लिंबूसोडा प्यायचा, छाती चोळायचा, परत गाडीखाली. मी म्हणलो, "साताऱ्याला जाऊन एकदा कार्डिओग्राम काढून घ्या." तुमी समोरच्या गाडीच्या डॅशबोर्डकडं बोट केलं. "माझा दिवा लागलाय का? दिवा लागला की जाऊ." मी म्हणलो, "कधीकधी दिवा लागायच्या आधीच इंजिन जातं." तुमी म्हणला, "मग गेलं तर गेलं. तुमी हायसाच की नवीन बसवायला." हसला तुमी. मीबी हसलो. तिथं हसायला नको होतं. तिथंच धरून गाडीत घालून न्यायला पायजे होतं.

स्कॅनरनं काही दाखवलं न्हाई. एकबी फॉल्ट न्हाई. म्हणजे संशय परत बेल्टावरच, म्हणून मला आणखीनच धास्ती वाटली.

आमचे आबा मेंढरांत नुसते उभे राहिले तरी आजारी जनावर ओळखायचे. ते कळपात असतं, चरतबी असतं, पण आबांना कळायचं. मला तेवढंबी येत नव्हतं. आटपाडीत मी शाळा सोडून रिकामा हिंडत होतो, रोज कुणाशी तरी मारामारी. अक्काचं लग्न झालं आणि पहिल्याच आखाडात तुमी आबांना म्हणला, "ह्याला माज्यासंगं देता का? हिकडं ऱ्हायला तर एक दिवस कुणीतरी हात मोडंल ह्याचा." मला लय राग आला होता तुमचा. पाहुणा म्हणून आलाय आणि आमच्या घरात नाक खुपसतोय! पण तुमी मला कधी नोकरासारखं वागवलं न्हाई. मार दिला न्हाई, नुसता 'पावणं, पावणं' करून छळलं. इंजिनचा आवाज कसा ऐकायचा ते शिकवलं. मी तुमच्याशेजारी रोज बसलो, रोज तुमचा खोकला, तुमचं ढेकर देणं, छाती चोळणं ऐकलं, आणि मला काहीच कळलं न्हाई.

मग बाहेरनं एकेक बघत गेलो. हवेचे पाइप, तारांचे सॉकेट, डिझेलची लाइन. माउंटिंगबी बघितली. इंजिनला गाडीच्या अंगाशी धरून ठेवणारी ती रबराची बैठक, बेल्ट बदलायचा तर ती सोडायलाच लागती. वरच्या दोन्ही बोल्टांवर तुमचा चुना होता. तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन तुमी आवळलेल्या प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर ठिपका द्यायचा. ठिपका हाय म्हणजे बोल्ट शेवटचा आवळला, त्याला परत पाना लावायचा न्हाई. मी म्हणायचो, बाजारात रंगाचे पेन मिळतात, आणू का? तुमी म्हणायचा, "पेन खाता येतंय का?" माउंटिंगचा तिसरा बोल्ट खाली असतो, चाकाच्या बाजूनं आत. वाकून बॅटरीचा उजेड मारला. त्याच्यावरबी पांढरा ठिपका. मी पुढं गेलो. तुमच्या ठिपक्यावर पाना लावणं आपल्या गॅरेजात कधी झालं न्हाई.

राहिला बेल्ट. मी दोनदा हात धुतले, परत मळवले, परत धुतले. शेजारचा टायरवाला विचारायला आला, "चा घ्यायचा का?" त्याच्यावरबी खेकसलो.

वरचं कव्हर काढलं. खालच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हातानं फिरवायला लागलो, सावकाश. आत वॉल्व कुठं टेकला तर हाताला कळतं. घाम डोळ्यात गेला तरी पुसला न्हाई. मनात एकच. दाजी, चुकलेला नसू दे. खुणा जुळल्या न्हाईत तर मी अक्काला काय सांगू? तुझा नवरा छाती धरून दात जुळवत होता आणि तुझा भाऊ स्टँडवर वडापाव खात होता, असं सांगू?

खालची खूण जागेवर आली. वर बघायला मान उचलंना. शेवटी बघितलं. वरच्या पुलीची खूण तिच्या रेघेसमोर. केसाचा फरक न्हाई. विश्वास बसंना म्हणून परत फिरवलं. परत तिथंच. ताण धरणारा टेन्शनर बघितला, बेल्टाला बोटांनी पीळ दिला, वळायला पायजे तेवढाच वळला. दाजी, मी गाडीला टेकून रडलो. तुमाला स्मशानात नेलं तवा इतका रडलो नव्हतो. "चोख हाय, दाजी, चोख हाय," असं मोठ्यानं म्हणत होतो. म्हणजे बेल्ट चढवताना तुमचा हात शांत होता, डोकं शांत होतं. म्हणजे अक्का म्हणती तेच खरं. मला लय हलकं वाटलं.

पण मग गाडी हादरती कशानं? कव्हर लावलं, परत चालू केली. हादरा तसाच. रेस वाढवून सोडली की खालनं धाडकन आवाज यायचा. बंद केली. चाक वळवलं आणि आवाज कुठनं येतोय ते बघायला वाकलो. आधाराला म्हणून आत हात घातला तर बोट नेमकं त्या खालच्या बोल्टावर पडलं. अंगठ्यानं ठिपका घासला. निघंना. ह्या खेपेचा चुना असता तर बोटाला भुकटी लागली असती. हा दगडासारखा टणक, त्याच्यावर काळ्या ग्रीसचा थर. तवा आठवलं. मागं ह्याच गाडीची हीच माउंटिंग आपण बदलली होती. ठिपका त्या वेळचा.

नुसत्या बोटांनी बोल्ट फिरवला. फिरला. दोन आटे लावून सोडलेला. बाहेरच्या कुठल्याबी मेकॅनिकनं पहिल्या झटक्यात पाना लावला असता आणि हा बोल्ट त्याला ढिला सापडला असता. मी तुमच्या चुन्यावर विसंबलो आणि दिवसभर बेल्टाशी झुंजत बसलो.

हसू येणार होतं मला. आलंबी असतं. पण मी तिथंच मातीत बसलो, कारण एक गोष्ट ध्यानात आली. तो खालचा बोल्ट एकट्यानं होत न्हाई. एकानं जॅक मारून इंजिन जरासं उचलून धरायचं, दुसऱ्यानं भोक जुळवून बोल्ट आवळायचा. कायम आपण दोघांनीच केलेलं काम ते. तुमी सगळं उरकून तिथवर आला आणि थांबला. आता पावण्याची वाट बघू, म्हणला असाल. इथपर्यंत ठीक. पण मग हात का धुतले? काम बाकी असताना तुमी हात धुतले? जेवायला न धुणारा माणूस? आणि शर्ट का बदलला?

डॉक्टरकडं जायला बदलला, दुसरं काय. तुमाला कळलं होतं. तुमी बसल्या जागी गेला न्हाई, दाजी. कळल्यावर उठला, हात धुतले, कापडं बदलली आणि मी कवा येतोय ते बघत रस्त्याकडं तोंड करून बसला. मला हे नव्हतं बघायचं. बेल्ट चोख निघाला तिथंच हे थांबायला पायजे होतं.

अक्का चहा घेऊन आली ती तेवढ्यात. तुमी गेल्यापासनं ती गॅरेजात पहिल्यांदा आली. सकाळी संपत काय बोलला ते तिनं मागच्या घरातनं ऐकलं असणार. दारातच थांबून तिनं विचारलं, "चुकला व्हय रं त्यांचा दात?"

"न्हाई अक्का. बेल्ट एकदम बराबर हाय."

"मग असा का बसलायस?"

मला खोटं बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि सगळं बाहेर पडलं. बोल्ट, धुतलेले हात, निळा शर्ट. ती ऐकत उभी राहिली. मग चहाचा कप बॉनेटवर ठेवला आणि म्हणली, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"त्यांचा फोन आला हुता मला आटपाडीला. छातीत जळजळतंय, घाम सुटलाय म्हनलं. कापडं बदलून बसतो, बाळ्या आला की दवाखान्यात जाऊन येतो. मी म्हनलं, बाळ्याला फोन लावते. तर वराडलं माज्यावर. लावू नगंस म्हनलं. त्यो घाबारला की गाडी कशीबी हानतो. वाटंत काय झालं तर आबांना काय त्वांड दावू मी, असं म्हनलं."

"आन तू न्हाई केलास फोन."

"न्हाई केला. जल्मात एकदा त्यांचं ऐकलं रं मी."

एवढं बोलून ती खालीच बसली. मग आमी दोघं तिथं गाडीच्या चाकाशी बसून रडलो, टायरवाल्यानं दारातनं बघितलं आणि परत गेला. 'कळलंबी न्हाई त्यांना' हे ती पैपाहुण्यांना सांगत होती, शेजाऱ्यांना सांगत होती, ते सगळं माझ्यासाठी चाललं होतं. मी कुठनं तरी ऐकावं आणि तेच खरं धरून राहावं म्हणून. आणि मी सकाळपासनं जिवाचं रान करत होतो ते दात चुकल्याचं तिच्या कानावर जाऊ नये म्हणून.

नंतर अक्कानं तोंड पुसलं आणि विचारलं, "ही गाडी ह्या बोल्टानंच हालती न्हवं? मग घाल की त्यो." मी म्हणलो, दोन माणसं लागतात. ती पदर खोचून उठली. मी जॅक लावला, तिनं दांडा धरला. "आनखी?" "जरा." "आता?" "बास बास, तिथंच धर." बोल्ट आत गेला. आवळला. चावी मारली तर इंजिन एकदम गप, नुसती कुजबुज. अक्का बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभी होती. संपतला फोन केला. तो आला, गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि खाली उतरून म्हणला, "दाजींच्या बेल्टाला बोललो, माझं चुकलं." मी म्हणलो, "जाऊ दे रं, सावकाश जा."

आता तुमचा राग काढतो, दाजी, ऐकून घ्या. भिंतीपलीकडं टायरवाला होता, त्याला हाक मारायची होती. रस्त्यानं जाणारी कुठलीबी गाडी थांबवायची होती, निम्म्या गाड्या तुमीच तर दुरुस्त केलेल्या. पण न्हाई. दुखणं माझ्यासाठी राखून ठेवलं आणि वर माझीच काळजी करत बसला. दुखत असताना रस्त्याकडं बघत तुमी काय म्हणत असाल तेबी मला ठावं हाय, आरामात येऊ दे पोराला. मी तापट हाय, गाडी हाणतो, सगळं खरं. भांडून निघालो की तुमी माझी चावी खिशात घालायचा आणि मी शांत झालो की परत द्यायचा. त्यापायीच मी आज जिता हाय, तेबी कबूल.

पण एवढ्या वर्षांत तुमी मला काय शिकवलं, ते तुमालाच ठावं नव्हतं का? फोन करायचा होता, दाजी. हळू आलो असतो मी.